गर्भपातावर आवाज मोठा, जातीवर घसा बसलेला: आपल्या मंडळ्यांचं नक्की चाललंय काय?

रास्तापेठी
जय ख्रिस्त. ख्रिस्ती नसलेल्यांना नमस्कार. तुम्हीही वाचा, पुढे जोतीराव फुले येणार आहेत.

आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) व्हॉट्सॲप गटावर सध्या गर्भपाताविरुद्धच्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. सगळे अमेरिकेतले. कोर्ट त्यांचं, सिनेटर त्यांचे, निवडणूक त्यांची; खालचं 'आमेन' मात्र घोरपडी, खडकी आणि वडगाव शेरीतून. २४ जून २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'रो विरुद्ध वेड' हा गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल फिरवला, तेव्हा आमच्याकडे उपासनेत उपकारस्तुती झाली. त्या निकालाने पुण्यातल्या एकाही बाईच्या आयुष्यात तसूभर फरक पडलेला नाही. इथे १९७१ चा कायदा आहे. तो शांतिलाल शहा समितीच्या अहवालातून आला, आणि ती समिती नेमली गेली कारण चोरून, नको त्या हातांनी केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या.

मी गर्भपाताच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे निम्मे प्रतिसाद वाचतील. देव आईच्या उदरात माणूस घडवतो, हे १३९ वं स्तोत्र मी मनापासून मानतो. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या पापाची किंमत दुसऱ्याने मोजायची, त्यावर आपण व्यासपीठ हादरवतो. ज्याची किंमत आपल्या खिशातून, आपल्या घरातून जाईल (जात, कातडीचा रंग, पोरीचं लग्न कोणाशी) तिथे खोकल्याची उबळ येते.

ज्यांचे व्हिडिओ आपण फिरवतो त्यांचंच बघा. सदर्न बॅप्टिस्ट ही अमेरिकेतली सर्वांत मोठी प्रोटेस्टंट मंडळी. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, या भांडणातून ती १८४५ मध्ये वेगळी झाली. गुलामगिरीबद्दल रीतसर माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं लागली! याच मंडळीने १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला अपाय अशा वेळी कायद्याने गर्भपाताची मुभा असावी. २००३ मध्ये त्यांनी त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मत बदलू नये असं माझं म्हणणं नाही. पण 'आमची भूमिका पहिल्या दिवसापासून हीच' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला १९७१ आठवतं. रँडल बाल्मर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने तर मांडलंय की तिथल्या धार्मिक उजव्यांची राजकीय फळी प्रथम उभी राहिली ती वंशभेद पाळणाऱ्या शाळांची करसवलत वाचवायला. गर्भपाताचा मुद्दा मागाहून जोडला गेला. बॉब जोन्स या तिथल्या ख्रिस्ती विद्यापीठाची करसवलत जाण्यावर कोर्टाने १९८३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही, हा त्यांचा नियम उठला २००० साली.

आता पुणं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं असेल तर न्यावं, नाही तर ठेवून जावं. काशीबाई नावाच्या एका विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिची हकीगत जोतीरावांनीच लिहून ठेवली आहे. कोर्टाने बाईला शिक्षा केली. या दांपत्याने स्वतःच्या घरात जागा केली. पुढे दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पोटातलं मूल आणि माणसाची बरोबरी, हे दोन्ही प्रश्न एकाच अंगणात होते.

आणि आपल्या घरचं उदाहरण पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातल्या पोरी आल्या, टाकलेल्या बायका आल्या, आणि 'पतित' म्हणून ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी कृपासदन निघालं.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्या मंडळीत गर्भपातावर संदेश होतो का? होत असेल तर अडचणीतल्या मुलीला राहायला एक खोली आहे का? आणि जातीवर शेवटचा संदेश कधी ऐकलात?

चहाटळ
आधी पॉपकॉर्न घेतो. अवांतर: याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा प्यायला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य (जातिबहिष्काराचं प्रकरण) झालं होतं. नावं वर्तमानपत्रात छापून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. धर्म आणि सार्वजनिक नीती म्हटलं की आपलं गाव कपबशीपासून सुरुवात करतं.

सेमिनरीवाला
रास्तापेठी, लेख आवडला, पण एका ठिकाणी तुम्ही घाई केलीत. अमेरिकन व्हिडिओंचा राग इतका आलाय की वाचणाऱ्याला वाटावं, गर्भपाताला विरोध हा माल तिथूनच आलाय. 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लिखाणात गर्भपात करू नका, जन्मलेलं मूल मारू नका, असं स्पष्ट आहे. रोमन समाजात नको असलेलं मूल, विशेषतः मुलगी, उघड्यावर टाकून देणं सर्रास होतं. त्याला नकार देणारे लोक म्हणून ख्रिस्ती ओळखले गेले. तेव्हा त्यांच्या हाती सत्ता नव्हती, मतपेटी तर नाहीच.

हां, मधल्या काळात वाद होते. गर्भात आत्मा कधी येतो यावर थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या मागे गेला आणि सुरुवातीच्या दिवसांतला गर्भ वेगळा धरला. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८८ मध्ये सगळ्याला सारखीच कडक शिक्षा लावली, तीन वर्षांत पुढच्या एका पोपने ती सैल केली, आणि १८६९ मध्ये नववे पायस यांनी तो फरक पुन्हा काढून टाकला. म्हणजे शिक्षा किती यावर मतं हलली. कृत्य बरं आहे असं मात्र कुणी म्हटलं नाही. बायबलमध्ये थेट आज्ञा नाही हेही खरं. निर्गम २१ मध्ये मारामारीत बाईचा गर्भ गेला तर दंड सांगितलाय. त्या वचनावर दोन्ही बाजूंचे लोक आपापली गाडी लावतात.

माझ्या मते दोन्ही प्रश्न एकाच पायावर उभे आहेत: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. ज्याला ते गर्भाबद्दल पटतं त्याला महाराबद्दल, मांगाबद्दल, नायजेरियन पोराबद्दल पटायलाच हवं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या टोळीला नव्हे. 'जरा दमानं घ्या' म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होतं. आपल्या पाळकांनी ते एकदा वाचावं.

निधर्मी_नाना
दोन गोष्टी. एक, जोतीरावांना तुमच्या खात्यावर जमा करू नका. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, पण बाप्तिस्मा घेतला नाही आणि पुढे सार्वजनिक सत्यधर्म स्वतंत्रपणे मांडला. दोन, 'देवाचं प्रतिरूप' हा पाया तुमच्यासाठी ठीक. मी नास्तिक. माझ्या बहिणीने काय करावं ते तुमच्या स्तोत्रावरून का ठरावं? कायदा सगळ्यांचा असतो.

रास्तापेठी
नानासाहेब, जोतीराव ख्रिस्ती होते असं मी लिहिलेलं नाही. उलट तीच तर बोच आहे. ज्यांनी दार उघडलं ते आमच्या मंडळीचे सभासद नव्हते.

कायद्याचं म्हणाल तर, मी कुठे म्हणतोय की बंदी आणा? मंडळीने आपल्या सभासदांना काय सांगावं आणि स्वतः काय करावं, एवढ्यापुरतंच बोलतोय.

परिचारिका
मी या शहरात बरीच वर्षं नर्सिंग करते. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. धाग्यावर सगळे पुरुष पोटातल्या बाळावर बोलतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी कायदा नीट सांगते, कारण गटांवर वाट्टेल ते फिरतं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक बायकांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग वगैरे. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. ही २०२१ ची दुरुस्ती. सही फक्त बाईची. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच नाही. अठराच्या आतली असेल तर पालकाची. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक.

आणि रास्तापेठीदादा, तुमच्या उपकारस्तुतीनंतर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ ला, आपल्या दिल्लीतल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित बाईलाही मिळाली पाहिजे. हा निकाल आपल्या पोरींना लागू आहे. तो तुमच्या गटावर आला होता का? आमच्या गटावर नव्हता. विरोध करायलासुद्धा कुणाला माहीत नव्हता.

आता वॉर्डातलं. व्हिडिओत असते तशी 'मजा करून आलेली' मुलगी मी क्वचित पाहते. येतात त्या बहुतेक लग्नाच्या बायका. दोन पोरं पदरात, नवरा नसबंदीला तयार नाही, गोळ्या चुकल्या, धाकटं अजून अंगावर पितंय. काही बायका उशिरा येतात, काहीच बोलत नाहीत, सोबतची बाई सगळी उत्तरं देते. तेव्हा आम्हाला कळतं की कुठे तरी सोनोग्राफी होऊन आलीय. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. महाराष्ट्रात गर्भपातावर बोलायचं तर हा आकडा आधी घ्यायला हवा. आपल्या व्यासपीठावरून मी तो ऐकलेला नाही. 'या खेपेला मुलगा दे प्रभू' अशी साक्ष-प्रार्थना मात्र भर महिला मंडळात ऐकली आहे.

माझ्यापुरतं सांगते. मी त्या प्रक्रियेच्या खोलीत जात नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात डॉक्टर-नर्सला नकार द्यायची तरतूद आहे, आपल्या कायद्यात तसं कलम नाही, पण मेट्रन समजून घेतात. नंतर वॉर्डात ती बाई माझीच पेशंट असते. तिचं पोट शेकते, चहा देते. पाप-पुण्य तिला ठाऊक असतं, मी सांगावं लागत नाही.

चहाटळ
परिचारिकाताई, +१. पॉपकॉर्न ठेवून दिले.

नगरकर_धाकटे
मूळचा नगर जिल्ह्यातला, सध्या मुक्काम हडपसर. जातीवरचा प्रश्न कुणी उचलला नाही म्हणून मीच उचलतो.

आमच्या भागात एकोणिसाव्या शतकात माणसं ख्रिस्ती झाली ती मुख्यतः महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. अमेरिकन मराठी मिशन, नगर. ज्या अमेरिकन बोर्डाचं (मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचं) हे मिशन, तोच बोर्ड गुलामगिरीवर ठाम बोलेना, म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली होती. म्हणजे आमच्याकडे जे सुवार्ता घेऊन आले त्यांच्याही घरी हे दुखणं होतंच.

आता पुण्यातलं लग्न जुळवणं बघा. बाहेर कुणी विचारलं तर 'आमच्यात जात नसते'. आत 'मूळचे कोण?' घराणं ब्राह्मणातून आलेलं असेल तर चौथ्या पिढीतही सांगितलं जातं, तेही बायबल हातात धरून. महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती यांच्यात सोयरीक निघाली तर दोन्हीकडचे म्हातारे उठून बसतात. माझ्या पोराच्या वेळी 'मुलगी गोरी हवी' असं आम्हाला न विचारता आमच्या वतीने सांगणारा मध्यस्थ मंडळीचाच वडील (एल्डर, म्हणजे पदाधिकारी) होता. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय ('यहूदी नाही, हेल्लेणी नाही, तुम्ही सर्व एकच') त्याला तोंडपाठ.

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर नाना म्हणतील बघा कसे आपल्याच तोंडाने. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. शिखांना १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हटलं, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. मोर्चात आम्ही ओरडून सांगतो की ख्रिस्ती झालो तरी जात सुटली नाही. आणि रविवारी उपासनेत म्हणतो आमच्यात जात नाही. कॅथलिक बिशपांनी तरी २०१६ च्या आपल्या धोरणात लिहून कबूल केलं की चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो. अँथनी पूला २०२२ मध्ये पहिले दलित कार्डिनल झाले. चांगलंच आहे, पण त्यासाठी किती शतकं गेली ते मोजा.

लोहगाव_लेन
रंगाचं निघालंय तर. आमच्या सोसायटीत सुदानच्या आणि नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचा नाही, असा अलिखित नियम आहे. त्यातला एक नायजेरियन मुलगा आमच्याच मंडळीच्या इंग्रजी उपासनेला येतो, सुंदर गातो. त्याला घर शोधायला मदत हवी होती. ज्यांचे दोन-दोन फ्लॅट भाड्याने आहेत अशा चार जणांना विचारलं. चौघेही प्रभूचे मोठे भक्त. उत्तरं: 'सोसायटी ऐकणार नाही', 'नुकताच दिला', 'फॅमिलीच हवी', आणि एकाने फोनच उचलला नाही. नागालँड-मिझोरमच्या पोरांनाही हाच अनुभव, वर 'चिनी' ऐकावं लागतं ते वेगळं.

किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळात एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते खरंच आहे हे पटलं, असं त्यांनी स्वतः पुढे सांगितलं. आज ते पुण्यात भाड्याने घर बघायला आले असते तर ब्रोकरने काय सांगितलं असतं, याचा विचार करतोय.

बिनपाण्याचीपेठ
सगळं मान्य, पण हा 'तुम्ही आधी ते करा मग हे बोला' प्रकार मला पटत नाही. जातीवर गप्प बसतो म्हणून गर्भपातावरही गप्प बसायचं का? उद्या म्हणाल हुंडा घेतला जातो म्हणून दारूवर बोलू नका. मदर तेरेसा १९७९ मध्ये ऑस्लोला नोबेल घेताना गर्भपाताविरुद्ध थेट बोलल्या, जगाला आवडो न आवडो.

रास्तापेठी
त्या बोलल्या, आणि त्याच भाषणात म्हणाल्या की आम्ही गर्भपाताशी दत्तक देऊन लढतोय. त्यांच्याकडे पाळणे होते हो. म्हणून त्यांचं बोलणं मी ऐकतो, पटो न पटो. आमच्या गटावरच्या फॉरवर्डमागे काय आहे?

वानवडीवाली
पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मी लहान होते तेव्हा आमच्या मंडळीत (आता मी तिथे जात नाही) एका ताईला लग्नाआधी दिवस गेले. तिला उपासनेत सगळ्यांसमोर उभं करून पापाची कबुली द्यायला लावली. प्रभुभोजन बंद. गायकवृंदातून काढलं. मुलगा त्याच मंडळीतला होता आणि तो त्या रविवारी मागच्या बाकावर बसला होता. त्याला कुणी उभं केलं नाही.

आम्ही सगळ्या मुलींनी ते पाहिलं. त्यातून आम्ही पवित्रता शिकलो नाही. शिकलो ते एवढंच, की असं काही झालं तर कुणाला कळायच्या आत निस्तरायचं. पुढे कॉलेजात माझ्या ओळखीच्या दोघींनी याच भीतीने गुपचूप गर्भपात केला, एकीने तर मेडिकलमधून गोळ्या घेऊन घरीच, आणि ती मरता मरता वाचली. दोघीही ख्रिस्ती घरातल्या. त्यांना गर्भपाताकडे कुणी ढकललं असेल तर त्या रविवारच्या उपासनेने.

सेमिनरीवाला
वानवडीवाली, हे लिहिल्याबद्दल आभार. यावर माझ्याकडे ईश्वरविज्ञान नाही. कॅथलिकांपुरतं एक सांगतो: आमच्या कायद्यात गर्भपाताला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे, आणि पूर्वी त्याची क्षमा बिशपकडे राखलेली असायची. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ती कोणत्याही धर्मगुरूने द्यावी अशी कायमची मुभा दिली. शिकवण तीच राहिली, बाईला दाराशी ताटकळत ठेवणं थांबलं.

आणि बिनपाणी, तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण रमाबाईंचं आठवा. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर (संन्यासिनी) त्यांना प्रत्येक बाबतीत चर्चचं ऐकायला सांगत होत्या. रमाबाईंनी १८८५ मध्ये लिहून कळवलं की इथल्या भटजींचं जोखड मी महत्प्रयासाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, त्याने हिंदुस्थानात बोभाटा होईल, असं बिशपांचं मत पडलं होतं, तेव्हाही त्या ठणकावून बोलल्या. अशी बाई ज्या मातीत झाली तिथल्या मंडळीने आपले विषय बाहेरून तयार होऊन येण्याची वाट बघावी?

निधर्मी_नाना
वानवडीवाली यांचा प्रतिसाद वाचून वाद घालायचा मूड गेला. एक शंका मात्र आहे. तुम्ही लोक दत्तक-दत्तक म्हणताय, पण ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येतं का? माझ्या एका मित्राला तर फक्त पालकत्व मिळालं होतं.

परिचारिका
नाना, जुनी गोष्ट असेल. ख्रिश्चनांना दत्तकाचा वेगळा कायदाच नव्हता. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली सांभाळायला मिळायचं, पण मूल कायद्याने आपलं होत नसे. २००० च्या बालन्याय कायद्याने वाट उघडली आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने धर्म कोणताही असो, या कायद्याने दत्तक घेता येतं हे स्पष्ट केलं. आता सगळं 'कारा'मार्फत, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणामार्फत.

आणि ज्या मुलीला मूल ठेवता येत नाही तिने ते उकिरड्यावर किंवा कुणा ओळखीच्याच्या हाती द्यायचं नाही. बालकल्याण समितीपुढे रीतसर सुपूर्द करायचं. त्यानंतर साठ दिवस विचार बदलायला मिळतात. हे ज्या मुलीला माहीत हवं तिला कुणी सांगत नाही. महिला मंडळाने एका बैठकीत एवढं सांगितलं तरी व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोग होईल.

नगरकर_धाकटे
बरं मग, रास्तापेठी, नुसता धागा काढून बसणार की मंडळीत काही मांडणार?

रास्तापेठी
कमिटीला पत्र दिलंय, कालच. दोन मागण्या. पार्सोनेजच्या (पाळकांच्या घराच्या) मागची खोली, जिथे सध्या मोडके बाक आणि नाताळच्या गोठ्याचं सामान पडलंय, ती रिकामी करून अडचणीतल्या मुलींसाठी ठेवावी, कबुली-बिबुलीची अट न घालता. आणि मंडळीच्या विवाहमेळाव्याच्या फॉर्मात 'मूळ' असा रकाना आहे, तो काढावा.

निधर्मी_नाना
खोलीच्या रंगकामाची वर्गणी माझ्याकडून. नास्तिकाची चालत असेल तर.

रास्तापेठी
चालेल की. फक्त एक आहे नाना, सेक्रेटरींचा आज फोन होता. खोलीला साधारण सगळे तयार आहेत. रकान्यावर दोघांनी चर्चा पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवायला सांगितलंय.